नवी चिप येईपर्यंत

मित्रांनो, तुम्ही मला रोज राबवता, पण पाहिलेलं मात्र कधीच नसतं. तुम्ही पडद्याकडे बघता, कीबोर्ड बडवता, माउसवर राग काढता. पण टेबलाखालच्या डब्यात, पंख्याच्या बुडाशी, मिट्ट अंधारात बसून सगळी आकडेमोड जो करतो, तो मी. मी एक प्रोसेसर आहे. वयानं जुना आहे, हे कबूल. पण कुणी ‘म्हातारा’ म्हटलं की माझं डोकं तापतं. (तसं ते एरवीही तापतं. ती भानगड पुढे येईलच.)

दिसायला मी अगदी साधा. चौकोनी बिस्किटाएवढा. वर चकचकीत धातूची टोपी आणि पोटाखाली बारीक सोनेरी पिनांच्या रांगाच रांगा. उलटा धरलात तर बाहुलीचे केस विंचरायचा ब्रश वाटेन. त्या पिना म्हणजे माझे पाय. एवढे पाय असून मी आयुष्यभर एका जागी बसून काम करतो, यावर हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

माझा जन्म वाळूतून झाला. थापा नाही मारत! वाळूतून सिलिकॉन काढतात, ते वितळवून त्याचा जाडजूड दांडा करतात, काकडीसारख्या त्याच्या पातळ चकत्या कापतात आणि त्या चकत्यांवर प्रकाशानं नक्षी कोरतात. कारखान्यातली माणसं डोळे सोडून सगळं अंग झाकून वावरायची. कुणी शिंकलं तर आमच्या दृष्टीनं ते वादळच! एका चकतीवर आम्ही भावंडं दाटीवाटीनं, अंगाला अंग लावून होतो. मग चकती कापली गेली आणि आमची ताटातूट झाली. थोडं वाईट वाटलं, पण लगेच आम्ही चालतो की नाही याची परीक्षा होती, त्यामुळे रडायला वेळच मिळाला नाही.

आणि गंमत ऐका. मी जन्मायच्या आधीच जगात माझी चर्चा सुरू झाली होती! ‘वाऱ्यासारखा पळणार म्हणे.’ ‘छे, इस्त्रीसारखा तापणार म्हणे.’ ‘येणारच नाही हो, कारखान्यात माल नाही.’ ‘येईल, पण तुमच्याआमच्या हाती लागणार नाही, मोठ्या कंपन्या सगळा उचलतील.’ मी तेव्हा कुठे होतो? बहुतेक वाळूत! पण लोकांना माझा स्वभाव, वेग, खोड्या, सगळं ठाऊक होतं. आम्हा चिपांचं हे असंच असतं. आम्ही येतो मागाहून, आमच्या बातम्या येतात आधी.

मी आलो तो एका अरुंद रस्त्यावरच्या दुकानात. दुकानदारबाई जाड भिंगाचा चष्मा लावायच्या आणि गिऱ्हाइकाशी बोलताना स्क्रूड्रायव्हरनं पाठ खाजवायच्या. त्यांनी मला काचेच्या कपाटात अगदी मधोमध ठेवलं. येणारा जाणारा काचेला नाक लावून बघायचा. काय सांगू, मी इतका फुगलो होतो की खोक्यात मावेना!

एका संध्याकाळी एक हसतमुख गृहस्थ दुकानात शिरले.

“आला का हो तो?” त्यांनी विचारलं.

“आला. एकच उरलाय.”

“मी म्हटलंच होतं आमच्या ताईला, याच आठवड्यात येणार! माझी बातमी कधी चुकत नाही.”

“डॉक्टर, तुम्ही गेले पाच महिने दर आठवड्याला ‘याच आठवड्यात’ म्हणताय,” दुकानदारबाई म्हणाल्या. “कधीतरी बरोबर येणारच.”

हे डॉक्टर म्हणजे आमचे मामा. दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांच्या तोंडात डोकावायचं आणि उरलेल्या वेळात पुढच्या वर्षीच्या चिपांच्या बातम्या वाचायच्या, ही त्यांची दोन कामं. त्यांनी मला त्यांच्या भाचीसाठी घेतलं. तिला घरात सगळे ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो. ताईला चित्रं काढायचं वेड होतं, आणि कागदावरची चित्रं चालायला बोलायला लागावीत म्हणून तिला कॉम्प्युटर हवा होता.

पहिल्यांदा मी चालू झालो तेव्हा ताई ओरडली होती, “आई, बघ ना, किती पळतोय हा!” मित्रांनो, कुणीतरी आपल्याबद्दल असं ओरडावं, यासारखं सुख नाही. पुढची कितीतरी वर्षं मी जीव तोडून राबलो. ताईचा उड्या मारणारा चेंडू, ताईची शेपूट हरवलेली मगर, ताईचा शाळेचा प्रकल्प. रविवारी मामा यायचे आणि मोटारींच्या शर्यतीचा खेळ खेळायचे. हरले की म्हणायचे, “हा जरा अडखळतोय.” जिंकले की मात्र माझं नाव नाही! पण मी मनाला लावून घेतलं नाही.

मग घरात चिमणी आली. चिमणी म्हणजे ताईची धाकटी बहीण. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि बोलते म्हणजे किती बोलते! आई म्हणायची, “आमच्या घरात सगळ्यात बडबडी कोण, तर ही.” जेवताना घास हातात असला तर एका हातानं बोलायची आणि आईचा ओरडा खायची. घरातले सगळेच हातांची भाषा शिकले. मामा जरा कच्चे होते. एकदा त्यांनी ‘तू फार हुशार आहेस’ म्हणायला हात हलवले, तर चिमणी हसून हसून गडाबडा लोळली. ते नक्की काय म्हणाले होते, ते तिनं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

एक दिवस चिमणी ताईच्या मांडीवर बसून पडद्यावरची कार्टून बघत होती. कोल्हा बोलत होता, बदक बोलत होतं, खुर्चीसुद्धा बोलत होती. चिमणीनं वळून विचारलं, “यांच्यातलं कुणीच माझ्यासारखं का बोलत नाही?”

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आल्यावर ताईनं एक खार काढली. झुपकेदार शेपटीची, मोठ्या मोठ्या हातांची. ही खार हातांनी गोष्ट सांगणार होती. चिमणीच्या शाळेच्या संमेलनात ती मोठ्या पडद्यावर दाखवायची, असं ताईनं शाळेतल्या बाईंना सांगूनही टाकलं. ऐकू न येणाऱ्या मुलांच्या त्या शाळेत चिमणी नवीन होती. घरात धबधब्यासारखी बोलणारी ही पोर शाळेत मात्र हात खिशात घालून बसायची. खारीचं समजल्यावर तिनं वर्गात पहिल्यांदा खिशातून हात काढले आणि सगळ्यांना सांगितलं, “माझी ताई आणतेय. बघाच तुम्ही!”

आता आली का पंचाईत! खार काढणं ताईचं काम, पण तिचं प्रत्येक बोट प्रत्येक चित्रात कुठे वळेल, शेपटीवर उजेड कुठून पडेल, हे मोजून एकेक चित्र पक्कं करायचं काम माझं. त्याला रेंडर करणं म्हणतात. तोंडानं बोलणाऱ्या कोल्ह्याचं निदान तोंड हलवलं की भागतं. पण हातांच्या भाषेत एक बोट इकडचं तिकडे झालं तर अर्थच बदलतो! त्यामुळे काहीच टाळता येईना. मी तापायला लागलो. पंखा घरघरायला लागला. आणि ऐन कामात मी धाडकन बंद पडायला लागलो.

“म्हातारा झालाय तो,” मामांनी निदान केलं. “काढून टाकायला हवा. आणि तुझं नशीब बघ, नवी चिप सोमवारी येतेय!”

“कोण म्हणालं?”

“आतली बातमी आहे. सगळं लीक झालंय.”

“आपल्या बाथरूमचा नळपण लीक झालाय, मामा. तो आधी बघतोस का?”

पण मामा आता ऐकणारे नव्हते. त्यांनी ताईला सगळं समजावलं. डेटा सेंटरवाले सगळा माल आधीच उचलताहेत. मेमरी महागणार. नंतर मदरबोर्डही, म्हणजे आम्ही चिपा बसतो त्या पाट्याही, मिळणार नाहीत. म्हणून बोर्ड आत्ताच आणून बसवून ठेवायचा आणि सोमवारी चिप आली की नुसती टपकन ठेवायची! नव्या चिपेला माझ्यासारखे पाय नसतात, तिच्या पिना बोर्डावरच असतात. म्हणजे त्या बोर्डावर ती यायच्या आधी दुसरं कुणी बसूच शकत नाही. मामांच्या ते ध्यानात होतं, पण सोमवारबद्दल त्यांना इतकी खात्री होती की त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. ताईनंही मान डोलावली. संमेलन जवळ आलं होतं, आणि बुडणाऱ्या माणसाला कुणीही पोहणारा वाटतो.

दुकानदारबाईंनी बोर्ड देताना बजावलं होतं, “डॉक्टर, चिप माझ्या हातात पडेपर्यंत मी ‘आली’ म्हणत नाही. तुम्हीही म्हणू नका.” मामा हसले आणि बोर्ड घेऊन आले.

मग त्यांनी मला काढलं. खरं तर माझ्या डोक्यावरचा पंख्याचा ठोकळा आधी इकडे तिकडे हलवून सैल करायचा असतो, कारण माझी उष्णता ठोकळ्यापर्यंत नेणारी मधली पेस्ट वाळून डिंकासारखी चिकटलेली असते. मामांनी तो धरला आणि सरळ वर ओढला! मी ठोकळ्याला चिकटून, पकडीतून निसटून, खाडकन बाहेर आलो आणि टेबलाच्या कडेवर आपटलो. माझ्या एका कोपऱ्यातल्या पिना वाकल्या.

“अरेरे,” मामा म्हणाले. “जाऊ दे. आता याचं काय काम?”

सोमवार आला. चिप आली नाही.

मंगळवारी बातमी आली की गुरुवारी येणार. गुरुवारी बातमी आली की पहिला माल मोठ्या कंपन्यांना गेला. मग बातमी आली की आधीच्या बातम्या खोट्या होत्या. कॉम्प्युटरच्या डब्यात नवाकोरा बोर्ड बसला होता, दिवे नाहीत, आवाज नाही, नुसता मख्ख. मामांच्या दवाखान्यातला कॉम्प्युटर रुग्णांच्या वेळा लिहिण्यापलीकडे काही करायचा नाही. शाळेतला तर त्याहून दुबळा. खारीची गोष्ट अर्ध्यावर होती. ताईनं तयार झालेलं शेवटचं चित्र आधीच छापून भिंतीला लावलं होतं. त्यात खारीनं काहीतरी सांगायला दोन्ही हात उचलले होते, आणि ते तसेच हवेत राहिले होते.

चिमणी रोज त्या चित्रासमोर उभी राहायची. एकदा तिनं मामांना विचारलं, “खार गप्प का झाली?”

मामांना हातांच्या भाषेतली ‘पुरवठा’ नावाची खूण येत नव्हती. येत असती तरी त्यांना सांगता आलं नसतं. आणि दुसऱ्या दिवशी चिमणी हात खिशात घालून शाळेत गेली.

मी मात्र, खरं सांगू का, त्या दिवसांत मजेत होतो! राग मानू नका. मला त्यांनी साबणाच्या रिकाम्या डबीत घालून खिडकीत ठेवलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी सूर्याचा उजेड बघितला. ताईनं शेपटीवर पाडायला लावलेला उजेड मी हजारदा मोजला होता, पण खरा उजेड असा असतो आणि तो असा सरकत सरकत भिंतीवर चढतो, हे मला माहीतच नव्हतं. समोरच्या गच्चीवर कपडे वाळायचे. खाली एक सायकलवाला घंटी वाजवत जायचा. मी म्हटलं, चला, निवृत्ती काही वाईट नाही. फक्त भिंतीवरच्या खारीकडे नजर गेली की मला चैन पडायचं नाही. तिच्या पुढच्या वाक्याचं पहिलं चित्र मी निम्मं मोजलं होतं. उरलेलं निम्मं माझ्या डोक्यात टोचत राहायचं.

शेवटी ताई दुकानात गेली. डबीसकट मला घेऊन, आणि मागून मामांना ओढत. चिमणी तर बोट सोडायलाच तयार नव्हती.

“चिप नाही आली,” दुकानदारबाई दारातूनच म्हणाल्या. “आणि कधी येईल ते मला माहीत नाही. जो ‘माहीत आहे’ म्हणेल, त्याच्यापासून लांब राहा.” त्यांनी मामांकडे बघितलं. मामांनी छताकडे बघितलं.

ताईनं डबी उघडली. “हा चालेल का परत? पिना वाकल्यात.”

“वाकल्यात ना? तुटल्या तर नाहीत?” बाईंनी मला भिंगाखाली धरलं. “हे कसं झालं?”

“ओढून काढला,” मामा पुटपुटले.

“डॉक्टर, दाढ अशीच काढता का हो?”

“छे! दाढ आधी हलवून सैल करतो.”

“मग या बिचाऱ्यानं काय घोडं मारलं होतं?”

ताई आठवडाभरात पहिल्यांदा हसली. मामाही हसले, पण कान लाल झाले होते. मग ते हळूच म्हणाले, “मी जाऊन माझा आरसा आणि दिवा घेऊन येतो. तोंडात घालायचा तो. बारीक जागा नीट दिसते.”

मित्रांनो, पुढची दुपार मी विसरणार नाही. बाईंनी ताईला शिसपेन्सिल दिली, खटक्याची, आतलं शिसं काढून टाकलेली. तिच्या टोकाची बारीक नळी पिनेवर चढवायची आणि पिन अगदी हळू सरळ करायची. घाई केली की पिन तुटणार, आणि एक पिन तुटली की मी संपलो. बाईंनी पहिली पिन करून दाखवली आणि पेन्सिल ताईच्या हातात दिली. “माझा हात आता थरथरतो. तू चित्रं काढतेस ना? मग काढ.”

ताईनं नळी पिनेवर चढवली. मामांनी दिवा धरला. एकेक पिन सरळ होत गेली. मला गुदगुल्या होत होत्या, पण हसायची सोय नव्हती!

“झालं,” ताई म्हणाली.

“बसवू?” मामांनी विचारलं.

तेवढ्यात चिमणीनं ताईची बाही ओढली. तिनं मला टेबलावर ठेवायला लावलं, हनुवटी टेबलाला टेकवली, एक डोळा मिटला आणि माझ्या पिनांच्या रांगांमधून आरपार बघितलं. मग बोटानं दाखवलं. तिथे, आतल्या रांगेत, एक पिन किंचित कलली होती. दिव्याला दिसली नव्हती, आरशाला दिसली नव्हती, भिंगालाही नाही. तशीच दाबली असती तर मोडलीच असती.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. “हिला माझ्या दुकानात ठेवतेस का, ताई?”

चिमणीनं त्यांचे ओठ वाचले आणि हातांनी म्हणाली, “आधी खार.”

मग घरून जुना बोर्ड आला, पंख्यासकट. बाईंनी पंख्याचा ठोकळा उघडला आणि सगळे वाकून बघायला लागले. पात्यांमध्ये धुळीची राखाडी गादी बसली होती, चांगली जाडजूड, घडी घालावी अशी.

“हा म्हातारा झाला असं कोण म्हणालं?” बाईंनी विचारलं. “याचा जीव गुदमरत होता!”

बघा! मी काय म्हणत होतो! (म्हणत नव्हतो, पण मनात होतं.) ब्रशनं सगळी धूळ निघाली. वाळलेली पेस्ट पुसली गेली आणि वाटाण्याएवढी नवी लागली. मी माझ्या जुन्या जागी अलगद बसलो. बटण दाबलं. पडदा काळाच राहिला. मामांनी डोळे मिटले. आणि मग पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीकशी पांढरी रेघ लुकलुकली. मी होतो तो! मोकळा श्वास घेऊन, थंड डोक्यानं!

तरीही वेळ कमी होता. ताईनं मागच्या झाडांच्या सावल्या काढून टाकल्या, आकाश साधं निळं केलं. “बोटांना मात्र हात लावायचा नाही,” ती स्वतःलाच म्हणाली. मी रात्रंदिवस मोजत राहिलो. मामा दवाखान्यातून येऊन माझ्या डब्याला तळहात लावून बघायचे, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात तसा. संमेलनाच्या सकाळी शेवटचं चित्र पक्कं झालं आणि आख्खं घर एकदम ओरडलं.

शाळेचा कॉम्प्युटर ती फिल्म चालवेल का, याचा भरवसा नव्हता. म्हणून मामांनी डबाच उचलला, मांडीवर घेऊन रिक्षात बसले आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला म्हणाले, “हळू हो, आत माणूस आहे!”

हॉलच्या लाकडी जमिनीवर टेबल मांडून मला त्यावर ठेवलं. मी डब्यात, अंधारात. मला ना पडदा दिसत होता, ना मुलं. मी फक्त एकामागून एक चित्रं वर पाठवत होतो. खारीनं हात उचलले. खार बोलली. खारीनं आपल्याला झाडावरून पडताना काय वाटलं ते सांगितलं, मग पडली कशी ते सांगितलं. आणि एकदम फळ्या हादरल्या! मला आधी भूकंपच वाटला. मग कळलं. मुलं पाय आपटत होती. त्या शाळेत फार आनंद झाला की पाय आपटतात, म्हणजे तो सगळ्यांना फळ्यांतून कळतो. तो लाकडातून, टेबलाच्या पायांतून, डब्यातून थेट माझ्या सगळ्या पिनांपर्यंत पोचला. मित्रांनो, दुकानातल्या काचेच्या कपाटातही मला इतकं मोठं झाल्यासारखं वाटलं नव्हतं.

घरी आल्यावर ताईनं आईला सांगितलं, “आई, फिल्म संपल्यावर पोरांनी चिमणीला घेरलं. ती बोलतच सुटली! हात दुखले असतील तिचे.”

“खिशात नव्हते ना?” आईनं विचारलं.

“छे!”

नवी चिप आली, बरं का. मामांनी बातम्यांचा नाद सोडून दिल्यावर बऱ्याच दिवसांनी, एका साध्या बुधवारी, कुणाला न सांगता आली. छान आहे पोरगी. ताईच्या टेबलाखाली नव्या बोर्डावर बसते, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात पळते, आणि मला तिचा मुळीच हेवा वाटत नाही. तिला मी फक्त एवढंच सांगितलं, की तुझ्यानंतरच्या चिपेच्या बातम्या सुरू झाल्या आहेत, मनाला लावून घेऊ नकोस.

तेव्हा मित्रांनो, माझं एवढं मागणं ऐका. नवं येणार असेल तर खुशाल येऊ द्या, त्याची वाटही बघा, त्यात मजा असते. पण ते दारात येईपर्यंत जे हातात आहे त्याला मोडीत काढू नका. एखादा थकलेला दिसला तर आधी त्याचा पंखा उघडून बघा. मायेनं धूळ झटका. काढायचंच असेल तर हलक्या हातानं काढा. आमच्यातले कितीतरी म्हातारे नसतात हो, नुसते गुदमरलेले असतात.

मी आता चिमणीच्या टेबलाखाली असतो. ती स्वतःची फिल्म करतेय. मासा काढलाय, निळा, गोल डोळ्यांचा. त्याला खूप काही सांगायचंय, पण माशाला हात नसतात. मग तो बोलणार कसा? चिमणी कालपासून गालाला पेन्सिल लावून विचार करतेय. शेपटीनं बोलेल? कल्ल्यांनी? बुडबुड्यांनी? तिनं काहीही ठरवू दे, मी एकेक बुडबुडा मोजायला तयार आहे.